डोस चौपट, अंतर दुप्पट? डोळ्यातल्या इंजेक्शनच्या संशोधनाचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अफ्लिबरसेप्ट या औषधाच्या ८ मिलिग्रॅम डोसला वेट एएमडी या उतारवयातल्या डोळ्याच्या पडद्याच्या आजारासाठी मान्यता दिली. हेच औषध २०११ पासून २ मिलिग्रॅमच्या डोसमध्ये डोळ्यात दिलं जात होतं. रेणू तोच, काम तेच, डोस चौपट. त्याच्या दहा वर्षं आधी रॅनिबिझुमॅब या दुसऱ्या औषधाचा डोस असाच चौपट करून पाहिला होता आणि तो प्रयोग अपयशी ठरला होता. मग या वेळी काय बदललं? औषध बदललं हे खरं, पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की संशोधकांनी प्रश्न बदलला. आधी विचारलं होतं, जास्त डोसने जास्त दिसेल का. नंतर विचारलं, जास्त डोसने पुढचं इंजेक्शन लांबवता येईल का. पहिल्याचं उत्तर नाही असं आलं, दुसऱ्याचं हो असं. मात्र त्या 'हो'मधला किती वाटा डोसचा आणि किती रुग्णांचा स्वतःचा, हे अहवालाचा सारांश वाचून कळत नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

आजाराबद्दल थोडक्यात. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा लहानसा भाग असतो. वाचणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्याच्या जोरावर चालतं. वय वाढतं तशी काहींच्या मॅक्युलाची झीज होते, तो एएमडी. त्यातल्या वेट प्रकारात पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात आणि मॅक्युलाला सूज येते. दाराची चौकट वाकडी दिसू लागते, मग नजरेच्या मधोमध डाग येतो. या रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारं मुख्य प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ते ओळखलं. आजची इंजेक्शनं या प्रथिनाला पकडून ठेवतात. औषध आहे तोवर सूज उतरते, संपलं की बहुतेकांच्या पडद्यात पाझरलेलं पाणी पुन्हा साचू लागतं.

हे 'संपलं की' फार महागात पडतं. २००६ मध्ये मरीना या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७१६ रुग्ण, रॅनिबिझुमॅब दर महिन्याला. वर्षाअखेर ०.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना तपासणीच्या तक्त्यावरची सरासरी ७.२ अक्षरं जास्त वाचता आली, ०.३ मिलिग्रॅमवाल्यांना ६.५. ज्यांना नुसतं इंजेक्शन दिल्यासारखं केलं होतं, त्यांची १०.४ अक्षरं गेली. तोवर वेट एएमडीच्या रुग्णाला 'आहे ते टिकवायचा प्रयत्न करू' एवढंच सांगता येत होतं, त्यामुळे हा निकाल क्रांतिकारक होता. पण दर महिन्याला दवाखाना, बाहुली मोठी करायचे थेंब, वाट पाहणं, डोळ्यात सुई, आणि हे किती वर्षं ते कुणी सांगू शकत नाही. पायर या चाचणीत सुरुवातीच्या तीन मासिक डोसनंतर तेच औषध तीन महिन्यांतून एकदा दिलं, तर वर्ष संपेपर्यंत सुरुवातीची कमाई सरासरीने निघून गेली. म्हणजे नुसतं अंतर वाढवणं हा मार्ग नव्हता.

हार्बर: चौपट डोसची पहिली परीक्षा

या पार्श्वभूमीवर २००९ मध्ये अमेरिकेत हार्बर चाचणी सुरू झाली. सुमारे अकराशे रुग्ण, चार गट. दोन गटांना रॅनिबिझुमॅब ०.५ मिलिग्रॅम, दोघांना २ मिलिग्रॅम. प्रत्येक डोसमध्ये एका गटाला दरमहा इंजेक्शन, दुसऱ्याला पहिल्या तीन डोसनंतर गरज पडेल तेव्हाच. गरज ठरवायची ती दर महिन्याच्या तपासणीत, ओसीटी म्हणजे पडद्याचे थर आणि त्यातलं पाणी दाखवणारा स्कॅन बघून. चाचणीकडून अपेक्षा होती की दरमहा २ मिलिग्रॅम हे दरमहा ०.५ मिलिग्रॅमपेक्षा सरस ठरेल.

बारा महिन्यांनी आकडे आले. दरमहा ०.५ मिलिग्रॅमवाल्यांना सरासरी १०.१ अक्षरांचा फायदा, दरमहा २ मिलिग्रॅमवाल्यांना ९.२. गरजेनुसार देण्याच्या गटांत ८.२ आणि ८.६. चौपट डोस सरस ठरला नाही. २०१३ मध्ये अहवाल छापून आला आणि रॅनिबिझुमॅबचा मोठा डोस बाजारात आलाच नाही.

याचं कारण कळायला अवघड नाही. सुजलेल्या डोळ्यातसुद्धा व्हीईजीएफ अत्यल्प असतं. औषध त्याच्या मानाने प्रचंड जास्त टोचलं जातं, नेहमीच्या डोसमध्येही. पहिल्या दिवशी सगळं व्हीईजीएफ पकडलं गेलेलं असतं. पकडायला काही उरलंच नसेल, तर चौपट रेणू टाकून नजर चौपट कशी सुधारणार? मरीनात ०.३ आणि ०.५ यांत फरक जेमतेम होता, ही त्याचीच आधीची खूण. अफ्लिबरसेप्टच्या व्ह्यू चाचण्यांमध्येही दरमहा ०.५ मिलिग्रॅम घेणारा एक गट होता, आणि तोही रॅनिबिझुमॅबच्या तुलनेत कमी पडला नव्हता.

पण हार्बरच्या अहवालात आणखी एक आकडा होता. गरजेनुसार इंजेक्शन घेणाऱ्यांना वर्षभरात किती इंजेक्शनं लागली? ०.५ मिलिग्रॅमवाल्यांना सरासरी ७.७, २ मिलिग्रॅमवाल्यांना ६.९. दोन वर्षांचा हिशोब आला तेव्हा १३.३ विरुद्ध ११.२. दोन वर्षांत दोन इंजेक्शनं वाचली, नजरेत ठळक फरक न पडता. चाचणीचा मुख्य प्रश्न हा नसल्यामुळे त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली सर्वात मोलाची ओळ हीच आहे.

चौपट डोस म्हणजे दोन हाफ-लाइफ

डोळ्यात टोचलेलं औषध ठरावीक गतीने कमी होत जातं. जितक्या दिवसांत ते निम्मं होतं, ती त्याची हाफ-लाइफ. रॅनिबिझुमॅबसाठी ती सुमारे नऊ दिवस धरतात, अफ्लिबरसेप्टची त्याच्या आसपास किंवा थोडी जास्त. आता डोस दुप्पट केला तर काय होतं? एका हाफ-लाइफनंतर आपण मूळ डोसवर येतो. चौपट केला तर दोन हाफ-लाइफनंतर. म्हणजे चौपट डोसने औषधाचा असर चौपट लांबत नाही, साधारण अठरा ते बावीस दिवसांनी लांबतो. आठपट केला तर आणखी एक हाफ-लाइफ, बस.

हा हिशोब नीट लक्षात ठेवावा, कारण पुढच्या सगळ्या दाव्यांना तो मोजपट्टी म्हणून वापरता येतो. २ मिलिग्रॅम अफ्लिबरसेप्ट आठ आठवड्यांनी जितकं शिल्लक राहतं, तितकंच ८ मिलिग्रॅम अकराएक आठवड्यांनी शिल्लक राहायला हवं. बारा आठवड्यांचं अंतर गणितात जवळपास बसतं. सोळा आठवड्यांचं बसत नाही.

औषधनिर्मितीची अडचणही होती. डोळ्याच्या आतली जागा लहान, आतल्या जेलीसारख्या व्हिट्रिअसचं घनफळ जेमतेम चार मिलिलिटर. जुन्याच द्रावणाचे चार डोस एकदम द्यायचे तर ०.२ मिलिलिटर टोचावं लागलं असतं, आणि डोळ्याचं प्रेशर धोकादायकरीत्या वाढलं असतं. म्हणून द्रावण घट्ट केलं. मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅमऐवजी ११४.३ मिलिग्रॅम, आणि टोचायचं प्रमाण ०.०५ वरून फक्त ०.०७ मिलिलिटर. इतकं दाट प्रथिन स्थिर ठेवून बारीक सुईतून जाईल असं करणं हे मोठं काम आहे, त्याची दाद द्यायला हवी.

कँडेला आणि पल्सर

कँडेला ही लहान चाचणी, १०६ रुग्णांची. मला ती आवडते कारण तिची रचना स्वच्छ आहे. दोन्ही गटांना तीन मासिक डोस आणि नंतर बारा-बारा आठवड्यांनी इंजेक्शन, वेळापत्रक अगदी सारखं. फरक फक्त डोसचा, २ आणि ८. सोळाव्या आठवड्यात मॅक्युलाच्या मध्यभागी पाणी नसलेले रुग्ण ८ मिलिग्रॅममध्ये ५०.९ टक्के आणि २ मिलिग्रॅममध्ये ३४ टक्के. चव्वेचाळिसाव्या आठवड्यात सरासरी फायदा ७.९ अक्षरं विरुद्ध ५.१. दिशा ठीक, पण रुग्ण थोडे असल्यामुळे सोळाव्या आठवड्याचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही.

पल्सर ही मोठी चाचणी. २०२० मध्ये सुरू, पहिल्यांदाच उपचार घेणारे १००९ रुग्ण. तिघांमध्ये विभागणी: २ मिलिग्रॅम दर आठ आठवड्यांनी, ८ मिलिग्रॅम दर बारा आठवड्यांनी, ८ मिलिग्रॅम दर सोळा आठवड्यांनी. तिन्हींना आधी तीन मासिक डोस. ठरवलेला निकष असा की नवा डोस जुन्यापेक्षा चार अक्षरांहून अधिक कमी पडू नये. 'सरस आहे' हे नव्हे, तर 'कमी नाही' हे सिद्ध करायचं होतं. प्रश्न बदलला म्हणते तो इथे.

अठ्ठेचाळिसाव्या आठवड्यात २ मिलिग्रॅमच्या गटाला ७.६ अक्षरांचा फायदा झाला होता, बारा आठवडेवाल्यांना ६.७, सोळा आठवडेवाल्यांना ६.२. फरक एकेक अक्षराचा, ठरवलेल्या मर्यादेच्या खूप आत. चाचणी यशस्वी झाली. वर्षभरात सरासरी इंजेक्शनं लागली ६.९, ६.१ आणि ५.२. दोन वर्षांअखेर १२.८, ९.७ आणि ८.२. दोन वर्षांत तीन ते साडेचार इंजेक्शनं कमी, ही लहान गोष्ट नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आणि त्याच्यासोबत रजा काढून येणाऱ्या मुलीला विचारा.

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा अहवाल आला तेव्हा सगळीकडे एक आकडा फिरला. सोळा आठवड्यांच्या गटातल्या ७७ टक्के आणि बारा आठवड्यांच्या गटातल्या ७९ टक्के रुग्णांनी वर्षभर आपलं अंतर टिकवलं. आकडा खरा आहे. पण तो कशातून आला ते पाहायला हवं.

अंतर 'टिकलं' म्हणजे नेमकं काय

पल्सरमध्ये अंतर कमी करायचा नियम असा होता: बाराव्या आठवड्याच्या तुलनेत नजर पाचपेक्षा जास्त अक्षरांनी घटली पाहिजे *आणि* त्याच्या जोडीला एकतर मॅक्युलाची जाडी २५ मायक्रॉनपेक्षा जास्त वाढली पाहिजे, नाहीतर मध्यभागी नवा रक्तस्राव अथवा नव्या रक्तवाहिन्या दिसल्या पाहिजेत. त्या 'आणि'कडे बघा. स्कॅनवर पाणी दिसतंय पण रुग्ण तितकीच अक्षरं वाचतोय, तर नियमाप्रमाणे अंतर तसंच ठेवायचं. आपल्याकडचा पडद्याचा डॉक्टर असं सहसा करणार नाही. स्कॅनवर नवं पाणी दिसलं की तो नजर घटायची वाट न पाहता अंतर दोन-चार आठवड्यांनी कमी करतो. पल्सरचा नियम दवाखान्यातल्या नियमापेक्षा सैल आहे, त्यामुळे ७७ टक्के दवाखान्यात दिसतीलच असं नाही.

दुसरी गोष्ट. २ मिलिग्रॅमच्या गटाला अंतर वाढवायची परवानगीच नव्हती. दोन्ही वर्षं आठ म्हणजे आठ आठवडे. ज्या रुग्णाला २ मिलिग्रॅमवरही चौदा आठवडे निघाले असते, त्यालाही आठव्या आठवड्याला सुई. असे रुग्ण असतात का? जपानमधली अल्टेअर चाचणी २ मिलिग्रॅमच्याच डोसने, पण ट्रीट अँड एक्स्टेंड पद्धतीने झाली. डोळा कोरडा राहिला, म्हणजे पडद्यात पाणी दिसलं नाही, तर अंतर वाढवत न्यायचं, पाणी आलं तर मागे घ्यायचं. दोन वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण सोळा आठवड्यांपर्यंत पोहोचले. जुन्याच डोसवर.

आता ती मोजपट्टी लावून बघू. चौपट डोसने तीनेक आठवडे मिळायला हवेत, आणि पल्सरमध्ये आठाचे सोळा झाले, म्हणजे आठ आठवडे मिळाले. उरलेले पाचएक आठवडे कुठून आले? मला दिसतं ते असं, की त्यातला बराच भाग अशा रुग्णांचा आहे ज्यांना आठ आठवड्यांनी सुईची गरज मुळात नव्हती. त्यांना ८ मिलिग्रॅमच्या गटात मोकळीक मिळाली आणि श्रेय डोसला गेलं. हा माझा निष्कर्ष आहे, चाचणीचा नव्हे. पण २ मिलिग्रॅमचा बारा-सोळा आठवड्यांचा एखादा गट पल्सरमध्ये असता, तर असा अंदाज बांधायची वेळच आली नसती. दोन वर्षांनंतरच्या वाढीव टप्प्यात तर सगळ्यांनाच ८ मिलिग्रॅम देण्यात आलं. तिथे तुलनेला कुणी उरलंच नाही.

मग मोठ्या डोसचा स्वतःचा परिणाम काहीच नाही का? आहे, आणि तो पल्सरमध्येच एका ठिकाणी निखळ दिसतो. सोळाव्या आठवड्यात. त्या दिवशी तिन्ही गटांचं तिसरं इंजेक्शन होऊन बरोबर आठ आठवडे झालेले होते, पुढचं कुणालाच मिळालेलं नव्हतं. तोवर सगळं समान, फक्त डोस वेगळा. मध्यभागी पाणी नसलेले रुग्ण ८ मिलिग्रॅममध्ये सुमारे ६३ टक्के, २ मिलिग्रॅममध्ये सुमारे ५२ टक्के. या वेळी फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवरही पक्का. कँडेलाने जी दिशा दाखवली होती, तिला इथे भक्कम आधार मिळाला. मोठा डोस डोळा जास्त दिवस कोरडा ठेवतो, यात मला शंका नाही. हार्बरच्या ७.७ आणि ६.९ मध्येही हेच लपलेलं होतं.

आणखी एक तपशील. पल्सरमधले रुग्ण दर चार आठवड्यांनी तपासणीला येत होते. इंजेक्शन नसेल त्या दिवशी नुसतं इंजेक्शन दिल्यासारखं करायचे, म्हणजे कोण कुठल्या गटात हे कळू नये. त्यामुळे कुणाचा डोळा बिघडू लागला तर महिन्याच्या आत लक्षात येत होतं. चार महिन्यांनी थेट दवाखान्यात उगवणाऱ्या रुग्णाला हे संरक्षण नसतं.

सुरक्षितता

डोस वाढवताना ज्याची धास्ती होती त्याला कारण होतं ब्रोलुसिझुमॅब. हेही व्हीईजीएफ पकडणारंच औषध, पण त्याचा रेणू लहान. ६ मिलिग्रॅममध्ये त्याचे रेणू २ मिलिग्रॅम अफ्लिबरसेप्टच्या दहा पटींहून जास्त. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिथल्या पडदातज्ज्ञांच्या संघटनेने इशारा दिला की काही रुग्णांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येते आहे, काहींच्या बंद होत आहेत. पुन्हा तपासल्यावर मूळ चाचण्यांत डोळ्याच्या आत दाह झालेले ४.६ टक्के रुग्ण निघाले. काहींची नजर कायमची गेली. ज्या इंजेक्शनने वाचायला मिळावं म्हणून माणूस सुई सोसतो, त्यानेच असं व्हावं, हे वाचतानाही अंगावर काटा येतो.

पल्सरमध्ये पहिल्या वर्षात दाहाचं प्रमाण ८ मिलिग्रॅममध्ये ०.७ टक्के, २ मिलिग्रॅममध्ये ०.६ टक्के. हजारभर रुग्णांत हे दिलासादायक आहे. अतिशय विरळ दुष्परिणाम मात्र हजारात दिसत नाहीत, लाखांत दिसतात. ब्रोलुसिझुमॅबचा खरा चेहरा बाजारात आल्यावरच दिसला होता.

आपल्या रुग्णाच्या बाजूने

आपल्याकडे वेट एएमडीचा उपचार म्हणजे अनेकदा बेव्हासिझुमॅब. मूळचं कॅन्सरचं औषध, एका कुपीतून अनेक सिरिंज भरून स्वस्तात दिलं जाणारं. २०११ च्या कॅट चाचणीत दरमहा दिल्यास ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीस तोड ठरलं: ८.० विरुद्ध ८.५ अक्षरं. रॅनिबिझुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं जवळजवळ तसंच औषध, २०१५ मध्ये भारतातच पहिल्यांदा आलं. २ मिलिग्रॅम अफ्लिबरसेप्टचं बंगळूरच्या बायोकॉन बायोलॉजिक्सचं बायोसिमिलर २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झालं. जुना डोस स्वस्त व्हायच्या वेळीच नवा डोस आला, हा कालक्रम नजरेआड करू नये. म्हणून ८ मिलिग्रॅम वाईट ठरत नाही, पण त्याची तुलना कुणाशी व्हायला हवी हे त्यातून ठरतं. आठ आठवड्यांना बांधून ठेवलेल्या २ मिलिग्रॅमशी नव्हे, तर अंतर वाढवत नेलेल्या २ मिलिग्रॅमशी.

विम्याचं गणितही इथे येतं. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमुळे डोळ्यातली इंजेक्शनं आधुनिक उपचारांच्या यादीत आली, म्हणजे ती सरसकट वगळता येत नाहीत. बऱ्याच पॉलिसींमध्ये मात्र त्यांना वेगळी मर्यादा असते. ज्याची मर्यादा वर्षाच्या मध्यावरच संपते, त्याच्यासाठी वर्षाला दोन इंजेक्शनं कमी होणं म्हणजे उपचार चालू राहणं. इंजेक्शन चुकलं की नजर जाते, आणि गेलेली नजर पुढच्या इंजेक्शनने पूर्ण परत येत नाही. म्हणून या आजारात अंतर हाच प्रश्न आहे, आणि म्हणूनच मोठ्या डोसकडे मी आशेने बघते.

घरी कुणाला वेट एएमडी असेल आणि डॉक्टरांनी ८ मिलिग्रॅम सुचवलं, तर तीन गोष्टी विचाराव्यात. सध्याच्या औषधावर अंतर वाढवून पाहिलं आहे का, आणि डोळा कितव्या आठवड्याला ओला झाला? तो जर दहाव्या-अकराव्या आठवड्याला ओला होत असेल, तर चौपट डोसने तेरा-चौदा आठवडे मिळण्याची आशा धरायला जागा आहे. चौथ्या-पाचव्या आठवड्यालाच होत असेल, तर सोळा आठवड्यांचं स्वप्न दाखवलं जाऊ नये. तिथे सात-आठ आठवडे मिळाले तरी मोठी गोष्ट. आणि अंतर वाढल्यावर मधल्या काळात ओसीटी कधी करायचा?

जी चाचणी अजून हवी आहे तिची रचना अवघड नाही. २ आणि ८ मिलिग्रॅम, दोन्ही गटांना पहिल्या दिवसापासून ट्रीट अँड एक्स्टेंड, अंतर कमी-जास्त करायचा नियम एकच आणि तो दवाखान्यात वापरतात तसा, स्कॅनवरच्या पाण्यावर आधारलेला. आशियाई रुग्णांत पॉलिपॉइडल प्रकार, ज्यात रक्तवाहिन्यांच्या टोकांना फुगवटे येतात, जास्त आढळतो, म्हणून त्यांचा हिशोब वेगळा ठेवायचा. दोन वर्षं. अक्षरं दोन्हीकडे साधारण सारखीच येतील. मोजायची ती इंजेक्शनं, आणि दवाखान्याच्या फेऱ्या.